सिझरची ओटी

मोशीला इंद्रायणीकडं उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला, जिथं दौलतरावांच्या वडिलांनी जन्मभर ऊस केला, तिथं आता पिवळ्या मशिनींचं यार्ड आहे. माणसांना छतापर्यंत उचलणाऱ्या लिफ्टा, ओझी वाहणारे फोर्कलिफ्ट, वीज गेली की मदतीला धावणारे जनरेटर. सगळं भाड्यानं जायचं. कुणाच्या कारखान्यात आठवडा, कुणाच्या गोदामात महिना. काम सरलं की ट्रेलरवर बसून परत यायचं, धुऊन-पुसून जरा टेकायचं, की लगेच पुढचं बोलावणं.

या यार्डाच्या फाटकाशी विजयश्री उभी असायची. जाणारी मशीन तपासून पाठवायची ती, आणि आलेली उतरवून घ्यायची तीही तीच. तिनं 'जाऊ द्या' म्हटल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, असा दौलतरावांचा शिरस्ता होता.

पहिल्यांदा ती इथं आली होती मशिनी धुवायला. नवरा सुजित भोसरीला वर्कशॉपात, खोली चिखलीला, आणि गाव तिकडं दूर परतूर. हातात पाण्याचा पाइप घेऊन ती मशिनीभोवती फिरायची आणि धुता धुता म्हणायची, "दादा, इथं वेल्डिंगला केसाएवढी चीर गेलीय बघा," "दादा, ही नळी ओली का लागतीय?" दौलतराव वाकून बघायचे, आणि तिथं खरंच काहीतरी असायचं. यंदाच्या पाडव्याला त्यांनी पाइप दुसऱ्याच्या हाती दिला आणि तिला फाटकाशी उभं केलं. म्हणाले, "धुताना जे दिसतंय, ते कोरड्यानं बघायचं. बाकी काय न्हाई." त्या दिवशी ती घरी गेली आणि सुजितला काही सांगायच्या आधी देवापाशी जरा वेळ नुसती बसून राहिली.

परत येणाऱ्या मशिनींचा तिला फार लळा. बिस्किटांच्या कारखान्यातून आलेली मशीन सांदीकोपऱ्यांत गोडसर पीठ घेऊन यायची. रंगाच्या शॉपमधून आलेलीच्या कठड्यावर निळे-लाल शिंतोडे, जशी काही रंगपंचमीला सापडलेली. टायरच्या गोदामातली आली की सगळं यार्ड रबरानं घमघमायचं. विजयश्री त्या कारखान्यांच्या आत कधी गेली नव्हती. पण तळेगावपासून रांजणगावपर्यंत सगळ्यांची धूळ तिच्या तळहातांना ठाऊक होती. एवढ्या मोठ्या मुलखाशी आपली ओळख या फाटकानं करून दिली, असं तिला मनापासून वाटायचं.

यार्डात नियम एकच कडक होता. मशिनीवर कंपनीनं जे बसवलंय ते सोडून काही बाहेर जाता कामा नये. लिंबू-मिरची नाही, काळी बाहुली नाही, देवाचा गंडादोरा नाही. लिफ्टवर तर नाहीच नाही. उंचावरनं सुटलेली मुठीएवढी वस्तूसुद्धा खाली उभ्या माणसाच्या डोक्यात धोंड्यासारखी बसते. ट्रेलरवाले कुरकुरायचे. एक तर दर खेपेला कठड्याखाली काळा धागा लपवायचा आणि ती दर खेपेला तो काढून त्याच्या हातात ठेवायची.

"ताई, तुमची नजर लागंल मशिनीला," तो म्हणायचा.

"लागू दे. माझी लागल्यावर दुसऱ्याची लागत नसती," ती म्हणायची.

यार्डात एक माणूस मात्र या नियमाबाहेरचा होता. दौलतरावांची आई, भागूबाई. सगळे तिला भागूआई म्हणत. उसाचा मळा गेला, विहीर बुजली, पण भागूआईचं रोजचं येणं काही सुटलं नाही. सकाळी डोईवर पदर घेऊन ती मशिनींच्या रांगेतून चालत जायची, गोठ्यातून जावं तशी. कुठली आली, कुठली गेली, याची तिला बरोबर खबर असायची.

"ही उंच मानंची कुटं दिसंना?"

"तळेगावला गेलीय, भागूआई."

"धाडलं का गं? परवाच आलीवती की. टेकू तरी द्यायचं."

तिच्या लेखी या सगळ्या लेकी होत्या. परक्या दारी राबायचं, थकून परत यायचं, दोन दिवस अंग टेकायचं आणि पुन्हा ट्रेलरवर बसायचं, ही काय वेगळी रीत असते, असं ती विचारायची. दौलतराव हसायचे. विजयश्रीला हसू यायचं नाही. आई गेल्यापासून परतूरला तिला ये म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. दिवाळी जवळ आली की शेजारणी पिशव्या भरायच्या, तेव्हा ती उगीच खोलीतले डबे घासत बसायची.

खंडेनवमीला यार्डात पूजा असते. पण नेमकं दसऱ्याला कारखाने बंद, आणि कारखाने बंद म्हणजे छताची, दिव्यांची, पंख्यांची कामं काढायचा तोच एक दिवस. त्यामुळं सणाच्या तोंडावर मशिनी माघारी यायच्या सोडून निघायलाच लागतात. यंदाही तेच झालं. सकाळी सगळ्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या, चाकांखाली लिंबं ठेवली गेली, आणि दुपार व्हायच्या आत चाकणच्या एका कारखान्यासाठी सिझर लिफ्ट ट्रेलरवर चढवायची वेळ आली.

सिझर म्हणजे कात्रीसारख्या लोखंडी पायांवर सरळ वर चढणारी लिफ्ट. वर कठडा असलेला पिंजरा, खाली चार चाकं. यार्डातली ही सगळ्यांत जुनी सिझर, आणि भागूआईचा जीव तिच्यावर जास्त. ती निघाली म्हटल्यावर म्हातारी लगबगीनं घरात गेली आणि हिरवा खण घेऊन आली. त्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि सोललेला छोटा नारळ. पिंजऱ्याच्या दारात तिनं ती ओटी ठेवली, पाच बोटांनी तांदूळ सारखे केले, गाठ मारली आणि हलक्या आवाजात म्हणू लागली. जात्यावरची ओवी ती, पण शब्द तिचेच, त्याच दिवसाचे:

लेक निघाली चाकणाला, अंगी हळदीचा गं रंग
सांबाळून ने रे दादा, माझ्या काळजाला संग

उंच उंच चढ बाई, पाय भुईला असू दे
परक्याच्या दारामंदी नाव माह्यारचं दिसू दे

सिझरच्या अंगावर मोठ्या अक्षरांत दौलतरावांच्या कंपनीचं नाव होतं. म्हातारीनं त्यावरनं हात फिरवला आणि पदराला डोळे पुसत घराकडं गेली.

आता तपासणी विजयश्रीची. तिनं माळा उतरवल्या. धोक्याच्या सूचनांवर आलेलं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं. चाकांखालची लिंबं बाजूला केली. मग ती ओटीपाशी आली आणि थांबली.

माळ काढता येते. ओटी कशी काढायची? उंबऱ्याशी उभ्या असलेल्या लेकीच्या पदरातनं भरलेली ओटी काढून घेणारा हात कसा असेल, तो आपला कसा असेल, हेच तिला सुचेना. ट्रेलरवाला हॉर्न वाजवत होता. वर ठेवायची नाही, एवढं तर नक्की. वरून नारळ सुटला तर माणूस जाईल. मग तिनं विचार केला, आणि तो विचार तिला त्या घडीला अगदी शहाणपणाचा वाटला: खाली ठेवू. चाकांच्या वर, मशिनीच्या कुशीत एक पोकळी असते. तिथं ठेवलं तर पडून पडणार कुठं? भुईवरच. तिनं खणाची गाठ आवळली, ओटी त्या पोकळीत सारली, वर एकदा हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ द्या."

दसऱ्याच्या सकाळी यार्डात ती आणि मेकॅनिक गणराज, दोघंच होती. गणराज मूळचा गुहागरकडचा, हात सोन्याचे आणि जीभ तिखट. मशिनीचा आवाज कसा ऐकायचा, हे तिला त्यानंच शिकवलं होतं. पोरांना घेऊन दुपारी देवीला जायचं म्हणून तिनं जांभळी साडी नेसली होती, त्यावरनं त्याचं आल्या आल्या सुरू झालं.

"काय गो वहिनी, मशीन तपासायची की तिला बघायला पाहुणे यायचेत?"

"तुम्ही आधी दाढी करून या. तुम्हाला बघून बॅटरी उतरती."

तेवढ्यात फोन आला. चाकणच्या कारखान्यातून मिनल मॅडम बोलत होत्या, तिथल्या मेंटेनन्सच्या. आवाज घाईचा, पण शब्द नीट लावलेले. "सिझर कमरेएवढी चढते आणि थांबते. नुसती टूं टूं करत राहते. आम्हाला आजचाच दिवस आहे, उद्या सकाळी लाइन सुरू होते. कुणाला तरी पाठवा."

गणराजनं फोन ठेवला आणि बूट चढवले. "कमरेएवढी चढून थांबते म्हणजे खालचा गार्ड उतरत नाय. कुठल्यातरी शहाण्यान रॉडबिडावर घातली असणार. वाकवला असणार गार्ड."

गार्ड म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांमधल्या लोखंडी पट्ट्या. सिझर वर निघाली की त्या आपोआप खाली उतरतात, भुईला टेकायच्या बेताला येतात. चाक खड्ड्यात गेलं तरी मशीन कलंडू नये म्हणून. त्या पुऱ्या उतरल्याशिवाय मशीन उंच जातच नाही. स्वतःच थांबते आणि ओरडत राहते.

विजयश्रीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. त्या पट्ट्या जिथं घडी होऊन बसतात, त्याच्या अगदी वरच ती पोकळी होती. काल ट्रेलर चाकणच्या रस्त्यानं गेला. तो रस्ता माणसांचे मणके सरकवतो, तिथं नारळाचं काय.

"मीही येते," ती म्हणाली.

"साडी काळी होईल."

"होऊ दे."

ती गाडीवर मागं बसली. मोशीचा टोलनाका मागं पडला, रस्त्याच्या कडेला आपट्याच्या फांद्यांचे ढीग आणि झेंडूची पोती मांडून बायका बसल्या होत्या, ट्रकांच्या तोंडांवर माळा डुलत होत्या. ओटी आपल्या हातानं ठेवलेली. 'जाऊ द्या' आपल्या तोंडचं. दादांना कळलं तर फाटक जाईल. पाइप परत हातात आला तरी उपकारच मानायचे. पण तेही मिळेल की नाही कोण जाणे. एवढ्या वाटेत तिनं देवाकडं एकच मागितलं, की दुसरं काहीतरी बिघडलेलं असू दे.

कारखाना आतून बंद पडलेला, थंड, मोठा. छताखाली काळे पडलेले दिवे एका रांगेत. मधोमध सिझर उभी होती, कमरेएवढी चढून अडकलेली. तिच्यापाशी मिनल मॅडम, अंगात निळा कोट, केस घट्ट बांधलेले. आणि थोडा बाजूला, हातात हेल्मेट धरून, एक चाळिशीचा माणूस. हा बाळाजी, जवळच्याच गावचा, ठेकेदाराकडून आलेला. मशीन त्याच्याकडं होती.

"मी कशावरबी न्हाई घातली," तो गणराजला बघताच म्हणाला. हेच तो सकाळपासून म्हणत असावा. आवाज झिजलेला होता. "ट्रेलरवरनं उतरिवली ती हितं उभी केली. धा वर्सं क्यांटीनला ताटं उचलली, आत्ता कुटं मशीनचा पास मिळालाय. मी कशाला घालीन?"

"ठेकेदाराचं म्हणणं आहे, यांनीच काहीतरी केलं," मिनल मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून दुसरा माणूस देतो म्हणतो. मला माणूस बदलायचा नाही, मला कारण हवंय."

विजयश्रीनं बाळाजीकडं पाहिलं. मग साडीचा पदर खोचला आणि कुणी काही म्हणायच्या आत फरशीवर आडवी होऊन मशिनीखाली पाहिलं. अंधारातून हिरवा काठ दिसला. खण पोकळीतून घसरला होता आणि नारळ पट्टीच्या मागं असा बसला होता, की पट्टी अर्धी उतरून त्यावर टेकली होती.

शेजारी गणराजही आडवा झाला. त्यानं बॅटरीचा झोत टाकला. क्षणभर दोघं एकमेकांच्या शेजारी, गाल फरशीला टेकवून पडून राहिली.

"वहिनी," तो अगदी हळू म्हणाला, "ही भागूआईची?"

"तिची. पण इथं मी ठेवली."

"कामाला लावलंस ना गो तू." मग आवाज आणखी खाली आणला. "ऐक. काढ नि पिशवीत टाक. पट्टी मोकळी होईल. मी सांगतो, वायर ढिली होती. कुणाचा काय नाय जायचा."

"आणि त्या भाऊंचं?"

"ते बघतील त्यांचं. वायर ढिली म्हटल्यावर त्याच्यावर कशाला येतंय?"

"ठेकेदार म्हणेल, यानंच ओढली."

गणराजनं झोत पट्टीवरून नारळावर नेला. माणूस वाईट नव्हता तो. तिच्यासाठी खोटं बोलायला तयार झाला होता, आणि हेच तिला जड गेलं. किती माणसांनी आपल्याला सांभाळलं या कामात, तिच्या मनात आलं. यानं आवाज ऐकायला शिकवला. दादांनी पाइप काढून घेतला. त्या म्हातारीनं रोज नावानं हाक मारली. सगळ्यांनी आपल्या हाती काहीतरी दिलंच आहे. आणि बाहेर जो उभा आहे, त्याच्या हातात पहिल्यांदाच काहीतरी आलंय.

तिनं हात घातला. नारळ निघेना. गणराजनं पट्टी वर रेटली, तेव्हा ओटी निघाली. पण गाठ सुटली होती. तांदूळ फरशीवर सांडले. विजयश्री उठून बसली, हिरवा खण मांडीवर, साडीला ग्रीस.

"मॅडम, यांनी काही केलं नाही," ती म्हणाली. "ही ओटी आहे. काल मशीन निघाली तेव्हा आमच्या यार्डात भरली होती. काढायला पाहिजे होती. काढायचं काम माझंच आहे. मला काढवली नाही, म्हणून मी आत सारून ठेवली. वर ठेवली तर पडेल, एवढंच डोक्यात होतं. खाली ती अडेल हे आलं नाही."

मिनल मॅडमनी खणाकडं पाहिलं, नारळाकडं पाहिलं. "मशिनीची ओटी?"

"हो."

"कशासाठी?"

विजयश्रीनं खणाची सुटलेली टोकं जुळवली. बाळाजीच म्हणाला, "लांब चाललीवती न्हवं. म्हनून." आणि तो खाली बसून एक-एक तांदूळ वेचू लागला. पायाखाली येऊ नयेत म्हणून.

मिनल मॅडमनी वर दिव्यांच्या रांगेकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "आधी चढते का बघू."

गणराजनं पट्ट्या दोनदा खाली-वर करून पाहिल्या, नट आवळले, स्विच तपासला. बाळाजी हेल्मेट घालून पिंजऱ्यात चढला, कंबरेचा पट्टा कठड्याला अडकवला. सिझर हलली. दोन्ही पट्ट्या खट्ट आवाज करून उतरल्या आणि मशीन वर निघाली, कमरेच्या वर, डोक्याच्या वर, थेट काळ्या दिव्यांपर्यंत. वरून बाळाजीचा चेहरा एवढासा दिसत होता, पण तो हसतोय हे खालून कळत होतं.

"तुम्ही आल्याबरोबर सांगितलंत, म्हणून दिवस वाचला," मिनल मॅडम विजयश्रीला म्हणाल्या. "पण हे मला तुमच्या मालकांना कळवावं लागेल. जसं घडलं तसं. यांचं नाव त्यात येणार नाही. तुमचं येईल."

"कळवा," विजयश्री म्हणाली. "खरं तेच आहे."

परतीच्या वाटेवर गणराज तिच्यावर चिडलेला होता. "मोठी आलीस खरं बोलणारी. मी हायच की येडा. माझं तोंड फुकट गेलं." मोशी येईपर्यंत त्याचं चाललं होतं. यार्डाच्या कोपऱ्यावर मात्र त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "दादा ओरडले तर मी सांगेन, हिला पाण्याच्या पाइपावर टाका, पण इथंच ठेवा. बाकी मला काय येत नाय बोलायला."

दौलतराव फाटकापाशीच उभे होते. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, हातात फोन. शेजारी खुर्चीवर भागूआई. दोघांचे चेहरे बघून विजयश्रीला कळलं, फोन येऊन गेला.

"ओटी कुणी ठिवली?" दौलतरावांनी विचारलं.

"म्या भरली," भागूआई म्हणाली.

"तू भरलीस, आई. ते समद्या मोशीला ठावं हाय. आत कुणी ठिवली?"

"मी, दादा," विजयश्री म्हणाली.

"कामून ठेवली म्हणून विचारू का नको, तुज्याच परतूरच्या भाषेत?" दौलतरावांचा आवाज चढला नाही, त्यानं ती जास्त घाबरली. "आज ती चढलीच न्हाई, हे नशीब. उंच जाऊन मदीच अडली असती, वर मानूस असता, तर? लिंबू काढतीस, धागा काढतीस, ट्रेलरवाल्याला चार शब्द सुनावतीस. आन् आपल्या घरचं आलं की हात आखडला?"

"हो दादा. आखडला." ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते."

"तिला कशापायी बोलतूस," म्हातारी खुर्चीवरून उठू लागली. "माजी चूक. म्या येडी, लोखंडाला लेक म्हनती."

"भागूआई, नाही," विजयश्री एकदम म्हणाली. "तुम्ही म्हणता म्हणूनच आम्ही नीट बघतो त्यांच्याकडं. चूक भरण्यात नव्हती. काढून तुमच्या हातात द्यायला पाहिजे होती मी. तुम्हाला वाईट वाटलं असतं, मला वाटलं असतं, पण मशीन मोकळी गेली असती."

म्हातारी पुन्हा खुर्चीत टेकली. मग हळू म्हणाली, "दिली असतीस तर घेतली असती गं. रडले असते जरा. रडन्यानं काय मोडतंय."

दौलतराव दोघींकडं बघत होते. त्यांनी फेटा काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि घाम पुसला. तेवढ्या वेळात विजयश्रीनं मनाशी फाटक सोडलंही. पाइप, धुण्याचा कट्टा, रबरी बूट, सगळं पुन्हा डोळ्यांपुढं आणून ठेवलं, आणि तेही जमेल असं स्वतःला सांगितलं.

"त्या बाई फोनवर काय म्हनल्या ठावं हाय का?" दौलतराव म्हणाले. "समदं सांगितलं. काय लपिवलं न्हाई, काय वाडिवलं न्हाई. मी म्हनलं, तपासनारी बदलतो मॅडम. तर म्हनल्या, बदलू नका. म्हनल्या, आमच्याकडं मशीन बंद पडली की दोन्ही बाजूंची मानसं दुसऱ्याकडं बोट दावत्यात, कारन सापडेपर्यंत दिवस जातू. आज पयल्यांदा कुनी स्वतःकडं बोट केलं. पुढची मशीन त्याच ताईंनी बघून पाठवा." ते थांबले. "मला राग आला खरं सांगायचं तर. मालक मी हाय का ती?"

गणराज मागून खोकला. दौलतरावांनी त्याच्याकडं एक नजर टाकली.

"तवा असं," ते पुढं म्हणाले. "खंडेनवमीला आई ओटी भरंल. तिला कोन अडवनार? पर मशीन ट्रेलरवर चढायच्या आदी तू ती काढायची आन् तिच्या हातात द्यायची. तिच्यासमोर. जमंल?"

"जमंल, दादा."

"जमलं पायजे. दुसऱ्यांदा ऐकून घेनार न्हाई." त्यांनी अंगठ्यानं मागं दाखवलं. "रांजणगावची गाडी भरून उभी हाय मघापासनं. तो सोडा म्हनतोय, मी सोडली न्हाई."

फाटकाच्या आत ट्रेलरवर दुसरी लिफ्ट चढवलेली होती. ऊन कलतं झालं होतं आणि तिच्या कडांवरून पिवळी तिरीप खाली ओघळत होती. ट्रेलरवाला केबिनमधून मान बाहेर काढून म्हणाला, "ताई, सणाचं घरी जायचंय मलाबी. बघा लवकर."

विजयश्रीनं घाई केली नाही. वरचा पिंजरा पाहिला, कठडा हलवून पाहिला, दाराची कडी ओढली. चाकं, नळ्या, बॅटरीचं झाकण. मग ट्रेलरच्या फळीवर चढली आणि त्याच जांभळ्या साडीत, ग्रीसच्या डागांसकट, मशिनीखाली आडवी झाली. पोकळीत कोपरापर्यंत हात घातला. लोखंड दिवसभराच्या उन्हानं कोमट झालं होतं. हाताला दुसरं काही लागलं नाही. पलीकडच्या बाजूनं नदीकडचं आकाश दिसत होतं, लांबट, चिंचोळं, आणि खाली गणराजचे बूट अस्वस्थ हलत होते. ती तशीच पडून राहिली, लागतं त्याहून जरा जास्त. दादांचं नाव मनात घेतलं, म्हातारीचं घेतलं, त्या निळ्या कोटातल्या बाईचं घेतलं, तांदूळ वेचणाऱ्या माणसाचं घेतलं. बाहेर उभ्या असलेल्या तिखट जिभेच्या माणसाचंही.

"झोपलीस काय गो तिथं?" गणराज म्हणाला.

ती बाहेर आली, उडी मारून खाली उतरली, हात साडीलाच पुसले, कारण आता साडीचं काही राहिलं नव्हतं.

"जाऊ द्या," ती म्हणाली.